न मोजलेला श्वास : प्रस्तावना

सीओपीडी या नावाने ओळखला जाणारा फुफ्फुसांचा दीर्घकालीन अवरोधक आजार रक्त तपासून कळत नाही. छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये तो बराच काळ दिसत नाही, आणि स्टेथोस्कोपमधून ऐकू येऊ लागतो तोवर बहुधा उशीर झालेला असतो. रुग्णाने छाती भरून हवा घ्यायची, सगळा जोर लावून ती एका नळीत सोडायची आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, शेवटपर्यंत एकूण किती पडली, याचे गुणोत्तर काढायचे, एवढाच निदानाचा पाया. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही हे गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिले आणि रुग्णाच्या तक्रारी व पूर्वायुष्य त्याला जुळले, की निदान होते. म्हणजे हा मोजून ओळखायचा आजार आहे. ही गोष्ट वरवर तांत्रिक वाटते, पण या आजाराचा सगळा इतिहास तिच्यात दडलेला आहे. ज्यांचा श्वास मोजला गेला त्यांच्यावरून आजाराची ओळख ठरली, त्यांच्यावरून कारणे ठरली, औषधांच्या चाचण्याही त्यांच्यावरच झाल्या. ज्यांचा मोजला गेला नाही ते या ओळखीच्या बाहेर राहिले, आणि भारतात अशांची संख्या फार मोठी आहे. हा ग्रंथ या एका म्हणण्यावर उभा आहे, म्हणून ते इथे पुराव्यानिशी मांडणे गरजेचे वाटते.

विषयाशी नव्याने ओळख होणाऱ्या वाचकासाठी आधी थोडे शरीराविषयी. श्वासनलिका फांद्याफांद्यांनी बारीक होत जातात आणि शेवटी वायुकोशांत उघडतात. धूर, धूळ किंवा विषारी वायू वर्षानुवर्षे आत जात राहिले, की दोन ठिकाणी नासधूस होते. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नलिकांच्या भिंती सुजून जाड होतात, काही बुजून नाहीशाच होतात. आणि वायुकोशांच्या पातळ भिंती विरून जाऊन त्यांचा ताण संपतो. आत घेतलेली हवा मग पूर्ण बाहेर पडत नाही. पुढचा श्वास आधीच्या शिल्लक हवेवर घ्यावा लागतो, छाती फुगलेलीच राहते, आणि चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. दम्यातही नलिका आवळतात, पण त्या औषधाने किंवा आपोआप बऱ्याच अंशी मोकळ्या होतात. सीओपीडीतला अडथळा पुरता मोकळा होत नाही. दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात, आणि निदानाचे अर्धे कष्ट तिथेच पडतात.

वायुकोश फुगून फाटण्याच्या विकृतीचे, म्हणजे एम्फिसिमाचे, नेमके वर्णन फ्रान्सच्या लेनेक यांनी १८१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले. स्टेथोस्कोप शोधणारे लेनेक ते हेच. मोजमापाची सुरुवात मात्र लंडनच्या जॉन हचिन्सन यांची. १८४६ मध्ये त्यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या घंटेचे स्पायरोमीटर वापरून दोन हजारांहून अधिक लोकांची मापे मांडली. त्यांत खलाशी होते, अग्निशामक होते, पोलीस होते, मुष्टियोद्धे होते. छाती भरून घेतलेल्या श्वासातून जास्तीत जास्त किती हवा बाहेर सोडता येते हे त्यांनी दाखवले, आणि त्यांना पकडायचा होता तो मुख्यतः क्षय. हवा किती हे त्या यंत्राला कळत होते. किती वेगाने बाहेर पडते हे कळत नव्हते. ही उणीव भरून निघायला शंभर वर्षे लागली. १९४७ मध्ये फ्रान्समध्ये टिफनो आणि पिनेली यांनी फुंकरीला वेळेचे माप जोडले, आणि पहिल्या सेकंदातल्या हवेला अर्थ आला. श्वसनवैद्यकाच्या इतिहासात मोठमोठ्या औषधांचे कौतुक होते; माझ्या मते या एका सेकंदाइतके महत्त्व त्यांतल्या फार थोड्यांना आहे.

हे साधन हाती आले त्याच सुमाराला लंडनवर डिसेंबर १९५२ चे दाट धुरके उतरले. चार-पाच दिवसांत कोळशाच्या धुराने हजारो माणसे दगावली आणि जुनाट ब्राँकायटिस हा ब्रिटनमध्ये राष्ट्रीय प्रश्न बनला. पुढच्या दोन दशकांत या क्षेत्रातले मोठे वाद झाले. ब्रिटिश डॉक्टर ज्याला जुनाट ब्राँकायटिस म्हणत, त्याच प्रकारच्या रुग्णाला अमेरिकेत एम्फिसिमा म्हणत. शेवटी लंडन आणि शिकागोमधल्या रुग्णांची एकत्र तुलना करून १९६६ मध्ये दाखवावे लागले, की दोन्हीकडचे रुग्ण बरेचसे सारखेच आहेत. कारणांबद्दलही दोन घराणी होती. ब्रिटिश मत असे, की कफ वाढतो, त्यात वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि त्यातून नलिका खराब होतात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या ओरी यांचे मत वेगळे: काही माणसांच्या नलिका मुळातच जास्त संवेदनशील असतात, दमा आणि हा आजार एकाच मुळाच्या दोन फांद्या आहेत, आणि धूम्रपान त्या जन्मजात कलाला खतपाणी घालते. निकाल लागला तो मोजण्यातूनच. चार्ल्स फ्लेचर यांनी लंडनमधल्या ७९२ कामकरी पुरुषांचा श्वास आठ वर्षे पुन्हा पुन्हा मोजला. फ्लेचर स्वतः ब्रिटिश गृहीतकाच्या बाजूचे. पण कफ आणि हवेचा अडथळा या बऱ्याच अंशी स्वतंत्र गोष्टी आहेत असे त्यांच्याच आकड्यांनी सांगितले, आणि त्यांनी ते मोकळेपणाने प्रसिद्ध केले. १९७७ मध्ये रिचर्ड पेटो यांच्यासह त्यांनी काढलेला आलेख आजही वैद्यकाच्या प्रत्येक वर्गात दाखवला जातो: काही धूम्रपान करणाऱ्यांची फुफ्फुसे वयाच्या मानाने वेगाने उतरणीला लागतात, आणि धूम्रपान सोडले की गेलेले परत येत नाही, पण उतरणीचा वेग मंदावतो. विज्ञानातल्या प्रामाणिकपणाचा हा एक नमुना आहे. मात्र त्या ७९२ जणांत एकही स्त्री नव्हती, आणि चुलीशी बसणारेही कोणी नव्हते. त्या आलेखावरून ‘हा सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार’ अशी समजूत जगभर घट्ट झाली.

या समजुतीला तडे देणारे पुरावे तेव्हाही होते. स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी १९६३ मध्ये अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाची जन्मजात कमतरता शोधली आणि तरुणपणीच वायुकोश का विरतात याचे एक कारण हाती आले. पण आपल्या दृष्टीने त्याहून मोलाचा पुरावा दिल्लीचा आहे. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती आणि डॉ. पाठक यांनी १९५९ मध्ये फुफ्फुसांच्या आजारामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आलेल्या १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत स्त्रिया मोठ्या प्रमाणात होत्या, आणि धूम्रपानाने त्याचा उलगडा होत नव्हता. संशय गेला स्वयंपाकघरातल्या धुराकडे. म्हणजे फ्लेचर-पेटो आलेखाच्या अठरा वर्षे आधी आपल्या देशातल्या एका स्त्री डॉक्टरने या आजाराचा दुसरा चेहरा दाखवला होता. तो पाठ्यपुस्तकांत ठळक व्हायला अर्धे शतक गेले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत चुलीपाशी बसलेल्या बायकांच्या अंगावर उपकरणे लावून धूर मोजला. २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये जगभरचे पुरावे एकत्र मांडून दाखवले, की सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्क्यांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. जागतिक रोगभार अभ्यासानुसार भारतात १९९० मध्ये सीओपीडीचे २.८१ कोटी रुग्ण होते, २०१६ मध्ये ५.५३ कोटी. या आजाराने देशाने गमावलेल्या निरोगी आयुष्यापैकी ५३.७ टक्के वाटा घरातल्या व बाहेरच्या प्रदूषित हवेचा, २५.४ टक्के तंबाखूचा. लंडनच्या आलेखाने शिकवलेला क्रम इथे उलटा आहे.

महाराष्ट्रात या धुराची रूपे अनेक आहेत. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या जळतात, देशावर गोवऱ्या, कोकणात लाकूडफाटा. स्वयंपाकाला गॅस आला तरी आंघोळीच्या पाण्यासाठी चूल किंवा बंब पेटतोच. मशेरी भाजताना तव्यावरून उठणारा तंबाखूचा धूर घरातल्या सगळ्यांच्या छातीत जातो. दारे-खिडक्या लावून जाळलेल्या एका मच्छर अगरबत्तीतून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे २००३ च्या एका मोजणीत आढळले. त्यात विडी, खडी क्रशर, सूतगिरण्या आणि शहरांतली वाहने यांची भर. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीसच शहराच्या वेगवेगळ्या वस्त्यांमधली हवा आणि रहिवाशांच्या छातीचे विकार यांची सांगड घालणारा अभ्यास उभा केला होता. ज्या बाईने चाळीस वर्षे फुंकणीने चूल फुंकली, तिला एकदाही स्पायरोमीटरच्या नळीत फुंकायला मिळालेले नसते. मेक्सिकोतल्या पाठपुराव्यात असेही दिसले आहे, की सरपणाच्या धुराने होणारा आजार सिगारेटीच्या आजाराची हुबेहूब नक्कल नाही: त्यात बारीक नलिकांचा बिघाड अधिक, वायुकोशांची झीज कमी, आणि वर्षागणिक होणारी घसरणही मंद. तेव्हा सिगारेट ओढणाऱ्यांवर तपासलेली औषधे या बायकांना तितकीच लागू पडतात हे गृहीत धरता येत नाही. ते तपासावे लागेल.

क्षयाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. औषधोपचार पूर्ण झाला, थुंकीत जंतू उरले नाहीत, की कार्यक्रमाच्या लेखी रुग्ण बरा. पण त्याच्या फुफ्फुसांत राहिलेले व्रण आणि आकसलेल्या नलिका पुढे आयुष्यभर अडथळा करतात. अशा माणसाला धाप लागली, की एक्स-रेवरचे जुने डाग पाहून पुन्हा क्षयाचीच औषधे सुरू होण्याचा धोका असतो. सीओपीडीच्या मोठ्या औषधचाचण्यांतून क्षय झालेल्यांना बहुधा वगळले जाते, त्यामुळे त्यांना काय द्यावे याचे उत्तर अजून पुरेसे तयार नाही. बालपणाचाही यात हात आहे. डेन्मार्कचे पीटर लांगे आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले, की सीओपीडी झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची फुफ्फुसे वेगाने घसरलेली नव्हती. ती तरुणपणीच पूर्ण वाढलेली नव्हती. कमी वजनाची बाळे, लहानपणचे न्यूमोनिया, कुपोषण आणि धुराने भरलेले घर हे सगळे साठीतल्या धापेशी जोडलेले आहेत. मेळघाटासारख्या भागाकडे या नजरेने पाहिले, तर बालआरोग्याचा प्रत्येक कार्यक्रम हा फुफ्फुसांचाही कार्यक्रम ठरतो. सीओपीडीचा जागतिक उपक्रम ‘गोल्ड’ १९९८ मध्ये सुरू झाला. त्याने २०२३ च्या अहवालात जनुके, फुफ्फुसांची अपुरी वाढ, धूम्रपान, सरपण व प्रदूषण, संसर्ग आणि दमा अशी कारणे वेगळी नोंदवायला सुरुवात केली. हा बदल योग्य आहे आणि तो उशिरा झाला आहे.

आता आक्षेपांकडे. अनुभवी फॅमिली डॉक्टर म्हणतात, की खोकला आणि धाप घेऊन आलेल्या माणसाला पंप आणि गोळ्या द्यायच्याच आहेत, मग मोजण्याचा खटाटोप कशाला? या म्हणण्यामागे गर्दीच्या दवाखान्याचे वास्तव आहे आणि ते झटकून टाकता येणार नाही. १ फेब्रुवारी २०११ रोजी देशातल्या ८८० शहरा-गावांत एकाच दिवशी झालेल्या पाहणीत दोन लाखांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना श्वसनाच्या तक्रारी होत्या. पण उपचार सारखेच असतात हे खरे नाही. दम्यात श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड हा कणा आहे, आणि ते न देता नुसती दीर्घकाळ टिकणारी नलिका रुंदावणारी औषधे देणे धोक्याचे आहे. सीओपीडीत उलट ही रुंदावणारी औषधेच मुख्य. स्टेरॉइड ज्यांना वारंवार झटके येतात, म्हणजे धाप-खोकला एकाएकी बळावतो, आणि ज्यांच्या रक्तात इओसिनोफिल पेशी जास्त आहेत त्यांच्यासाठी. सरसकट दिल्यास न्यूमोनियाचा धोका वाढतो हे २००७ च्या ‘टॉर्च’ चाचणीत दिसले. शिवाय धाप हृदयाची असू शकते, रक्तक्षयाची असू शकते, क्षयाची असू शकते. लक्षणे नसलेल्या साऱ्यांची तपासणी करत सुटावे असे कोणी म्हणत नाही. पुराव्याचा कौल त्याच्या विरुद्धच आहे. लक्षणे असलेल्यांचे मात्र तसे नाही. कॅनडात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, निदान न झालेल्या माणसांना शोधून तज्ज्ञांकडून उपचार दिल्यावर श्वसनाच्या आजारासाठी दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या.

दुसरा आक्षेप खुद्द मापावर आहे, आणि तो अधिक वजनदार आहे. वयानुसार हे गुणोत्तर सगळ्यांचेच उतरते, ०.७० ची सरसकट रेघ म्हाताऱ्यांत नसलेला आजार दाखवते आणि तरुणांत असलेला लपवते. वयानुसार बदलणारी खालची मर्यादा वापरावी असे मानणारे तज्ज्ञ म्हणूनच बरेच आहेत. आजाराची तीव्रता ठरवताना ‘अपेक्षित’ आकडा कोणाचा धरायचा हाही प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या सॅम्युएल कार्टराइट या गुलामगिरीच्या समर्थक डॉक्टराने स्पायरोमीटरचे आकडे पुढे करून कृष्णवर्णीयांची फुफ्फुसे जन्मतःच उणी असल्याचा दावा केला, आणि वंशानुसार आकडा कमी करण्याची प्रथा यंत्रांत फार काळ टिकली. मुंबईत डॉ. फारूख उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये निरोगी भारतीयांची मापे प्रसिद्ध केली, ती गरजेची होती. तरीही भारतीयांची सरासरी कमी आहे ती घडणीमुळे की कुपोषण आणि धुरामुळे, हे न तपासता ती ‘सामान्य’ मानली, तर नुकसानच प्रमाण ठरते. तिसरी अडचण अशी, की बारीक नलिका बऱ्याच नष्ट होईपर्यंत स्पायरोमेट्री स्वच्छ येऊ शकते. हॉग, मॅक्लेम आणि थर्लबेक यांनी १९६८ मध्येच या नलिकांकडे बोट दाखवले होते. या तिन्ही त्रुटी मान्य कराव्यात. पण रक्तदाबाची रेघही वाद घालूनच ठरली आणि बदलत गेली, म्हणून कोणी रक्तदाब मोजणे सोडले नाही. अपुरे माप सुधारता येते. न घेतलेले माप सुधारता येत नाही.

झालेले नुकसान भरून येत नाही, मग निदान करून काय साधते, ही निराशा रुग्णांत आणि डॉक्टरांतही आढळते. पुरावा तिच्या बाजूने नाही. धूम्रपान सोडणे आणि धूर टाळणे यांनी घसरण मंदावते. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी झटके टाळायला मदत करतात. शिस्तीने चालण्याचा, हातापायांची ताकद वाढवण्याचा आणि श्वासाचा व्यायाम, म्हणजे फुफ्फुसांचे पुनर्वसन, हा सगळ्यांत कमी यंत्रे लागणारा आणि सगळ्यांत कमी वापरला जाणारा उपचार आहे. कॉक्रेनच्या २०१५ च्या आढाव्यात त्याच्या ६५ चाचण्या होत्या आणि फायदा इतका स्पष्ट होता, की तो होतो का हे पाहणाऱ्या आणखी चाचण्यांची गरज उरली नाही. विश्रांतीतही रक्तातला प्राणवायू फार खालावलेल्यांना रोज पंधरा तास किंवा अधिक प्राणवायू दिल्यास आयुष्य वाढते हे १९८०–८१ मध्येच सिद्ध झाले; माफक कमतरतेत तसा फायदा होत नाही हे २०१६ मध्ये कळले. कोविडनंतर घरोघरी विकत घेतलेली यंत्रे कोणाला खरी लागतात हे मोजूनच ठरवावे लागेल. झटक्यात स्टेरॉइडच्या गोळ्या पाच दिवस पुरतात, चौदा दिवसांची गरज नाही, हे २०१३ पासून माहीत आहे. पंपाची सवय लागते ही भीती निराधार आहे. खरी अडचण पंप चुकीच्या पद्धतीने ओढण्याची असते, आणि ती स्पेसर देऊन व प्रत्येक भेटीत ओढून दाखवायला सांगून दूर होते. निवडक रुग्णांसाठी डुपिलुमॅबसारखे जैविक औषध २०२४ पासून अमेरिकेत मान्य आहे, पण त्याची किंमत पाहता आपल्याकडच्या बहुसंख्यांचे भवितव्य वर सांगितलेल्या साध्या गोष्टींवरच ठरणार आहे.

हा विषय आज मांडायचे कारण नेमके आहे. गावोगावच्या आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा असंसर्गजन्य आजारांचा तक्ता भरतात. त्यात धाप लागते का हा प्रश्न आहे. स्वयंपाकाला कोणते इंधन वापरता हाही आहे. म्हणजे व्यवस्थेला प्रश्न कळलेला आहे. पण ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर लगेच मोजून मिळते, तिथे स्पायरोमीटर आणि तो नीट फुंकवून घेणारा प्रशिक्षित माणूस बहुतेक ठिकाणी नसतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने कोट्यवधी घरांत गॅस पोचवला, तरी सिलिंडर पुन्हा भरण्याची ऐपत नसेल तर चूल विझत नाही. चीनच्या श्वानवेई भागात धुराड्याच्या चुली आल्यावर सीओपीडी कमी झाला, पण फायदा स्पष्ट दिसायला सुमारे दहा वर्षे लागली. आज ज्या चाळिशी-पन्नाशीतल्या आहेत, त्यांच्यापुरता गॅसचा लाभ अपुरा आहे. त्यांना निदान हवे.

प्रस्तुत ग्रंथ फॅमिली डॉक्टर, परिचारिका, आरोग्यसेवक आणि ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे अशा वाचकांसाठी आहे. तज्ज्ञांच्या पाठ्यपुस्तकाची जागा घेण्याचा त्याचा हेतू नाही. पाश्चात्त्य मार्गदर्शक तत्त्वे मराठीत उतरवून देण्यापेक्षा, ती कोणाच्या श्वासावर बेतलेली आहेत आणि आपल्या रुग्णांना कुठे पुरतात, कुठे अपुरी पडतात, हे तपासण्यावर लेखकांचा भर आहे. जिथे पुरावा भक्कम आहे तिथे ते ठाम आहेत, आणि जिथे नाही, विशेषतः क्षयानंतरच्या आणि चुलीच्या धुराच्या आजारात, तिथे त्यांनी तसे स्पष्ट लिहिले आहे. उपचारांइतकीच जागा त्यांनी तपासणी कशी करावी याला दिली आहे, कारण वाईट फुंकलेली स्पायरोमेट्री न केलेल्या तपासणीहून अधिक दिशाभूल करते.

वाचकांना एक विनंती आहे. घरातल्या कोणाला वर्षानुवर्षे खोकला असेल, बरोबरीच्यांसोबत चालताना मागे राहण्याइतकी धाप लागत असेल आणि तिला वयाचे किंवा वजनाचे कारण दिले जात असेल, तर आजवर त्यांची स्पायरोमेट्री झाली आहे का, एवढे विचारा. व्यायामासाठी मिळणारे तीन चेंडूंचे उपकरण म्हणजे ही तपासणी नव्हे. झाली नसेल, तर जवळच्या जिल्हा रुग्णालयात, वैद्यकीय महाविद्यालयात किंवा छातीच्या डॉक्टरांकडे ती करून घ्या, आणि अहवाल जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या मापाशी तो ताडून पाहावा लागेल.